गळतीचा रकाना

कम्युनिटी कॉलेज हा शब्द आपल्याकडे अजून पुरता रुळलेला नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मात्र तो चांगला परिचयाचा असतो. शेजारचा मुलगा दोन वर्षे कमी शुल्कात अशा कॉलेजात शिकतो आणि मग विद्यापीठात जातो, किंवा एखादी चाळिशीतील गृहिणी तेथे संध्याकाळच्या वर्गात हिशेबनीस होण्याचे शिक्षण घेते, हे त्यांनी पाहिलेले असते. इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ साली सुरू झालेले ज्युनियर कॉलेज हे त्या परंपरेतील सर्वांत जुने मानले जाते. पुढे १९४७ च्या ट्रूमन आयोगाने 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव सर्वतोमुखी केले.

भारतात ही कल्पना दक्षिणेतून आली. १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाने आणि १९९६ मध्ये मद्रास-मैलापूर धर्मप्रांताने चेन्नईत अशी कॉलेजे सुरू केली. चेन्नईतील प्रयोगामागे फादर झेवियर अल्फॉन्स यांचे परिश्रम होते. शाळेतून बाहेर फेकल्या गेलेल्या मुलामुलींना व्यवसायकौशल्य तर द्यावेच, पण त्याआधी चारचौघांत बोलण्याचे व स्वतःकडे मान वर करून पाहण्याचे बळ द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. २००९ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने देशभर अशा कॉलेजांना मान्यता देण्याची योजना काढली, ती काही वर्षांतच थांबली. त्यानंतर बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, २०१३ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाची योजना आली. या लेखाचा विषय त्या योजनेशी संबंधित आहे.

योजनेची रचना कागदावर मला आजही उत्तम वाटते. परिसरातील उद्योगांना कोणते कौशल्य हवे ते विचारून अभ्यासक्रम ठरवावा, शिकवण्यात त्या उद्योगातील माणसांचा सहभाग असावा, विद्यार्थ्याने प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन शिकावे. वर्षभराच्या पदविकेच्या ६० श्रेयांकांपैकी ३६ कौशल्याचे आणि २४ सामान्य शिक्षणाचे. सहा महिन्यांनी प्रमाणपत्र, वर्षाने पदविका, दोन वर्षांनी प्रगत पदविका. ज्याला ज्या पायरीवर उतरायचे त्याने तेथे उतरावे, आणि पुन्हा सवड झाली की पुढची पायरी चढावी. वाचकांनी ही शेवटची तरतूद लक्षात ठेवावी. पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच निर्माण झाला.

बारावी योजना मार्च २०१७ मध्ये संपली. त्या सुमारास केंद्राच्या बहुतेक योजनांबाबत, ही चालू ठेवावी काय, हा प्रश्न वित्त विभागाकडून विचारला जात होता आणि प्रत्येक उत्तरासोबत मूल्यमापनाचा अहवाल जोडावा लागत होता. बेंगळुरू व आसपासच्या मोजक्या कम्युनिटी कॉलेजांच्या गुणात्मक अभ्यासाचे व्यवस्थापन तेव्हा माझ्याकडे आले. व्यवस्थापन हा शब्द मी विचारपूर्वक वापरीत आहे. मुलाखती मी घेतल्या नाहीत, अहवालही मी लिहिला नाही. अभ्यासाची कार्यकक्षा ठरवणे, संशोधन संस्था निवडणे, तिचे हप्ते देणे, तिला कॉलेजांची दारे उघडून देणे आणि शेवटी अहवाल स्वीकारणे किंवा परत पाठवणे, एवढेच माझे काम होते. बाहेरून हे कारकुनी वाटते. परंतु गुणात्मक अभ्यास बिघडतो तो बहुधा याच कारकुनीत, क्षेत्रावर नव्हे, असे माझे मत झाले आहे.

मी अर्थशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी. संख्येवर माझा विश्वास आहे आणि तो अजूनही ढळलेला नाही. किती विद्यार्थी आले, किती टिकले, कितींना नोकरी लागली, हे तीन रकाने भरल्याखेरीज कोणत्याही योजनेवर बोलूच नये. तरीही या अभ्यासाला संख्येबरोबर संभाषणाचीही जोड द्यावी, असा आग्रह मी धरला त्याला एक ताजे कारण होते.

१८ आणि १९ एप्रिल २०१६ या दोन दिवशी बेंगळुरूमधील तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. होसूर रस्ता अडला, तुमकूर रस्त्यावर जाळपोळ झाली, पोलिसांना बळ वापरावे लागले. निमित्त होते भविष्य निर्वाह निधीच्या नियमातील बदलाचे. फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने असे ठरवले होते की निधीतील मालकाच्या हिश्श्याची रक्कम कामगाराला वयाच्या ५८ व्या वर्षापूर्वी काढता येणार नाही. वृद्धापकाळाची तरतूद या दृष्टीने पाहिले तर नियमात दोष काढणे कठीण होते. पण ती रक्कम त्या स्त्रियांच्या लेखी वृद्धापकाळासाठी नव्हतीच. चार-पाच वर्षे शिलाई यंत्रावर काढायची, नोकरी सोडायची, आलेल्या पैशात मुलाचे शुल्क, बहिणीचे लग्न किंवा गावाकडच्या घराचे छप्पर करायचे, आणि मग पुन्हा दुसऱ्या कारखान्यात लागायचे, असा त्यांचा हिशेब होता. १९ एप्रिललाच शासनाने तो बदल मागे घेतला. खातेदार किती, शिल्लक किती, किती जणांनी किती वर्षांनी पैसे काढले, हे सगळे आकडे शासनाकडे होते. काढतात म्हणजे नेमके काय करतात, हे त्या आकड्यांत नव्हते. ते समजायला पाच-पन्नास जणींशी निवांत बोलणे पुरले असते.

आमच्या कॉलेजांपैकी काही जण याच उद्योगासाठी मुली तयार करीत होते. तेव्हा हा धडा माझ्या दृष्टीने केवळ शेजारच्या खात्याचा नव्हता.

पहिली अडचण निविदेची आली. आपल्या व्यवस्थेत सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला काम देणे सर्वांत सुरक्षित असते, कारण त्यावर लेखापरीक्षणात आक्षेप निघत नाही. एका संस्थेने प्रतिमुलाखत दर दिला होता आणि तो अर्थातच सर्वांत कमी होता. प्रतिमुलाखत दराचा अर्थ असा की मुलाखत जितकी लवकर आटोपेल तितका नफा अधिक. वीस मिनिटांत, वर्गातच, प्राध्यापक दाराशी उभे असताना घेतलेल्या अशा शंभर मुलाखतींतून तिसरा कोणताच अर्थ निघत नाही. निघते ती एक आणखी प्रश्नावली, फक्त महागडी. मी कार्यकक्षेत क्षेत्रावरच्या दिवसांप्रमाणे मोबदला ठेवला, आणि २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील गुणवत्ता व खर्च या दोहोंच्या आधारे निवड करण्याच्या तरतुदीचा आधार घेतला. वित्त शाखेकडून नस्ती तीनदा परत आली. 'एका मुलाखतीस दीड दिवस का लागावा' असा शेरा होता. मी उत्तर दिले की मुलाखतीला दीड तासच लागेल, उरलेला वेळ ती व्यक्ती सापडायला लागेल. हे उत्तर पुढे शब्दशः खरे ठरले.

निवडलेल्या संस्थेच्या चमूत दोन मुली आणि एक मुलगा होता. मुलींपैकी एक हुबळीकडची, त्यामुळे तिला कन्नडबरोबर मराठीही समजत असे. पहिल्या आठवड्याची प्रतिलेखने माझ्याकडे इंग्रजीत आली तेव्हा वाचून मी थोडा चक्रावलो. 'कॉलेज कसे आहे' या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येकाने 'समाधानकारक' असे उत्तर दिलेले होते. विशीतली मुले समाधानकारक असा शब्द वापरतात यावर माझा विश्वास बसेना. मी मूळ कन्नड मागवले. तेथे सर्वत्र एकच शब्द होता : परवागिल्ल.

बेंगळुरूमध्ये राहिलेल्या वाचकांना या शब्दाचा परिचय असेलच. रिक्षावाल्याकडे सुटे नसतील तर परवागिल्ल. जेवण कसे झाले, परवागिल्ल. पाय तुडवला गेला, क्षमा मागितली, तरी परवागिल्ल. शब्दाची मजा अशी की त्यातला 'परवा' तोच आहे जो आपल्या 'पर्वा'त आहे, फारसीतून दोन्हीकडे आलेला. पण आपण 'पर्वा नाही' म्हणतो तेव्हा त्यात बेफिकिरी किंवा ताठा असतो, आणि कन्नडिग परवागिल्ल म्हणतो तेव्हा त्यात समजूतदारपणा असतो. 'बरे आहे', 'चालेल', 'वाईट नाही', 'आता काय करणार', 'तुम्ही मनाला लावून घेऊ नका' हे सारे त्या एका शब्दात मावते. अशा शब्दाला पाचपैकी किती गुण द्यायचे? चमूतील अनुवादकाने चार दिले होते. दुसऱ्या कोणी दोन दिले असते तरी त्याला चूक म्हणता आले नसते.

याच शहरात सॅम्युअल पॉल यांनी १९९४ मध्ये नागरी सेवांचे प्रगतिपुस्तक प्रसिद्ध करून नागरिकांच्या समाधानाला प्रथमच आकड्यांत मांडले. त्या कामाविषयी मला मोठा आदर आहे. पाणीपुरवठा किंवा दूरध्वनी यांच्याबद्दल नागरिक चिडून बोलतो, तेथे आकडा बोलका होतो. पण कॉलेजबद्दल, तेही ज्या कॉलेजाने आपल्याला दाराशी उभे केले त्याबद्दल, गरीब घरातला विद्यार्थी परक्या माणसापुढे तक्रार करीत नाही. तो परवागिल्ल म्हणतो.

आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. प्रतिलेखनाचे तीन स्तंभ करायचे : मूळ कन्नड, अनुवाद आणि मुलाखत घेणाऱ्याचे निरीक्षण, आणि परवागिल्ल या शब्दाचा अनुवाद करायचाच नाही, तो तसाच ठेवायचा. दुसरी सूचना हुबळीच्या त्या मुलीची. परवागिल्ल हे उत्तर आले की पुढचा प्रश्न विचारायचा, 'तुझ्या धाकट्या बहिणीला किंवा भावाला याच कॉलेजात घालशील का?' या एका प्रश्नाने पुढचे काम सोपे केले. कोणी चटकन 'घालीन' म्हणत असे आणि मग शिक्षकांचे कौतुक थांबत नसे. कोणी गप्प राहत असे, खिडकीबाहेर पाहत असे, आणि तिसऱ्या स्तंभात त्याची नोंद होत असे. एकाने विचारले, 'बहिणीला कशाला? ती हुशार आहे.' या उत्तराचा अनुवाद करण्याचीही गरज नव्हती. कम्युनिटी कॉलेज म्हणजे नापासांची जागा हा समज किती खोल रुजला आहे, ते त्यावरून कळले.

श्रीनिवासांची आठवण येथे अपरिहार्य आहे. एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरा या गावी राहून केलेल्या नोंदींच्या संस्कारित प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्ड येथील आगीत जळाल्या आणि त्यांनी बरेचसे स्मरणावर भिस्त ठेवून त्या गावावरचे आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले. नंतर व्ही. के. आर. व्ही. राव यांनी बेंगळुरूत उभारलेल्या सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्थेत ते सहसंचालक होते. एक अर्थशास्त्रज्ञ आणि एक मानववंशशास्त्रज्ञ एकाच छपराखाली बसतात, यात त्या काळी कोणाला नवल वाटले नसावे. आम्ही मात्र आकड्यांचा अहवाल एका संस्थेला देतो, गुणात्मक अहवाल दुसरीला, आणि दोन्ही वेगवेगळ्या नस्त्यांत बांधून ठेवतो.

आता गळतीविषयी. एका कॉलेजात वस्त्रनिर्मितीचा पदविका अभ्यासक्रम होता. त्याच्या दुसऱ्या सहामाहीत निम्म्याच्या आसपास मुली उरत नसत. विवरणपत्रात त्यांच्यासमोर 'गळती' असे लिहिलेले, आणि कारणाच्या रकान्यात सर्वत्र 'वैयक्तिक'. असा अभ्यासक्रम बंद करावा हे कोणालाही सुचेल. मला त्या मुलींशी बोलणे झालेले हवे होते, कारण जे टिकतात ते मुलाखतीला सापडतात आणि जे जातात त्यांच्याविषयी आपण तर्क करतो, ही अशा अभ्यासातली जुनी खोट आहे. मराठी वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे ती खोट आपल्याकडे फार पूर्वी ओळखली गेली होती. धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांचा सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणावरचा ग्रंथ पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. शाळा सोडून गेलेली मुले पुढे निरक्षर होतात की काय, या प्रश्नाचा शोध त्यात आहे. आणि तो शोध शाळेच्या हजेरीपटात बसून लागत नाही.

साताऱ्यात सत्तर वर्षांपूर्वी निदान घराचा पत्ता कायम असे. बेंगळुरूत विद्यार्थ्याचा पत्ता म्हणजे भाड्याची खोली, आणि दूरध्वनी क्रमांक म्हणजे दर सहा महिन्यांनी बदलणारे सिमकार्ड. यादीतले बरेच क्रमांक बंद होते. मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून शोध लावावा लागला. कारखान्यांना सुट्टी रविवारी, म्हणून मुलाखती रविवारी; आणि रविवारी आठवड्याचे कपडे धुवायचे असतात, म्हणून त्या दुपारी तीननंतर. चमूचे क्षेत्रदिवस रविवारी मोजले जातील असे मला वेगळे लेखी द्यावे लागले.

सापडलेल्या मुलींची कारणे वैयक्तिकच होती, पण त्यांत फरक होता. काहींनी सहा महिन्यांचे प्रमाणपत्र हाती येताच नोकरी धरली होती. काहींना दुसऱ्या सहामाहीतले कारखान्यातील प्रशिक्षण परवडले नव्हते. ते प्रशिक्षण बिनपगारी होते, कारखाना पीण्यात, मुली राहतात शहराच्या दक्षिण टोकाला. मॅजेस्टिकला बस बदलून घरी पोहोचेपर्यंत काळोख पडे. बसभाडे आणि काळोख या दोन गोष्टींपैकी घरच्यांचा आक्षेप कशाला अधिक होता, हे मुलींनाही नीट सांगता येत नव्हते. काहींची लग्ने झाली होती.

आणि काही जणी कोणत्याच रकान्यात बसत नव्हत्या. अशाच एका मुलाखतीला मी गेलो होतो, देखरेखीसाठी, मागे बसून. जुन्या पेठेतले भावसार कुटुंब. शहाजीराजांना १६३८ मध्ये बेंगळुरूची जहागीर मिळाली तेव्हापासून या शहराशी मराठीचे नाते आहे, आणि भावसार समाजाच्या घरांतून ती अजून बोलली जाते, कन्नड वळणाची, पण निःसंशय मराठी. माझे आडनाव ऐकून मुलीची आई मराठीत बोलू लागली आणि मुलगीही. संशोधक मुलीने वही मिटली नाही, फक्त भाषा बदलली.

"तू दुसऱ्या सहामाहीत कॉलेज सोडलेस, असे नोंदीत आहे," तिने विचारले.

मुलीने तिच्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहिले. "काका, मी सोडलं कुठे? सहा महिन्यांचं सर्टिफिकेट घेतलं की. ते घ्यायला चालतंय म्हणून कॉलेजातच सांगितलं होतं."

घराच्या पुढच्या खोलीत तिने शिलाईचे यंत्र मांडले होते. ब्लाउज शिवणे, साड्यांना फॉल-पिको करणे, गल्लीतल्या दोन मुलींना हाताशी घेणे. कपड्याची बेतणी कॉलेजात शिकले म्हणून धाडस झाले, असे ती म्हणाली. बँकेतले खाते तिच्या नावावर होते, हे आईने दोनदा सांगितले. विवरणपत्रात ही मुलगी दोन ठिकाणी शून्य होती. पदविका पूर्ण नाही म्हणून गळती, आणि नेमणूकपत्र नाही म्हणून रोजगार नाही.

योजनेने तिला सांगितले होते की या पायरीवर उतरता येते. तिने उतरून दाखवले. विवरणपत्र तयार करणाऱ्याने योजनेचे मार्गदर्शक तत्त्व वाचलेच नव्हते, किंवा जुन्या पदवी कॉलेजांचे विवरणपत्र वरचे नाव बदलून तसेच वापरले होते. दुसरी शक्यता अधिक. आपल्याकडे नमुने असेच जन्माला येतात.

याच्या उलट दुसरे एक कॉलेज. तेथे रोजगाराचा रकाना भरगच्च होता, नेमणूकपत्रांच्या छायाप्रती व्यवस्थित लावलेल्या होत्या. त्यात लबाडी काहीच नव्हती. ज्या दिवशी विवरण भरले त्या दिवशी ते पूर्ण सत्य होते. चार महिन्यांनी चमूने तीच यादी हाती घेऊन शोध घेतला तेव्हा बरीच मुले गावी परतलेली आढळली, कोणी तुमकूरकडे, कोणी चिक्कबळ्ळापूरकडे. पगार कमी, रात्रपाळी, ही कारणे अपेक्षित होती. पण एका मुलाचे वाक्य चमूने अहवालाच्या त्या प्रकरणाला शीर्षक म्हणून दिले : 'नोकरी मिळाली, खोली मिळाली नाही.' बेंगळुरूत घरमालक दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागतात ही तेव्हा सर्रास रीत होती. पहिला पगार हाती येण्यापूर्वी दहा महिन्यांचे भाडे कोठून आणायचे? अभ्यासक्रम चांगला, शिक्षक चांगले, उद्योगाशी करार पक्का, आणि सारे अडले ते अनामत रकमेपाशी. नोकरीच्या पहिल्या तीन महिन्यांपुरती वसतिगृहात राहण्याची मुभा द्यावी, अशी शिफारस त्यातून निघाली. कौशल्यविकासाच्या कोणत्याही अहवालात वसतिगृहाचा मुद्दा मला त्यापूर्वी दिसला नव्हता.

प्राचार्यांशी झालेल्या मुलाखती सर्वांत अवघड. अनुदान हप्त्याने येते, पुढचा हप्ता आधीच्या हप्त्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर अवलंबून, आणि हप्ता मार्चमध्ये आला की तो मार्चमध्येच खर्ची पडावा लागतो. दरम्यान बाहेरून येणाऱ्या शिक्षकांचे मानधन महिनोन्‌महिने थकते. हे सारे प्राचार्य सांगत, पण ध्वनिमुद्रक बंद केल्यावर. एका प्राचार्यांनी सांगितले की करारावर सही करणाऱ्या उद्योगाचा प्रतिनिधी सल्लागार मंडळाच्या एकाही बैठकीला आलेला नाही, आणि इतिवृत्तात त्याची उपस्थिती मात्र आहे. हे त्यांनी नाव गुप्त राहील या लेखी आश्वासनावर सांगितले होते, आणि ते आश्वासन मंजूर कार्यकक्षेचाच भाग होते.

आढावा बैठकीपुढे प्रस्ताव साधा होता. ज्या अभ्यासक्रमांत गळती निम्म्याहून अधिक, त्यांचे अनुदान थांबवावे. मी एक पान मांडले. योजनेच्या नियमाप्रमाणे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणे हा हक्क असेल, तर त्याची गणना गळतीत करता येत नाही, इतकाच मुद्दा. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला, आणि तो मी येथे प्रामाणिकपणे नोंदवतो, कारण तो वजनदार होता. ते म्हणाले, "प्रत्येक गळतीमागची कहाणी ऐकत बसलो तर कोणतीच योजना कधी बंद करता येणार नाही. कहाणी प्रत्येकाकडे असते."

हे खरे आहे. निवडक कहाण्यांनी काहीही सिद्ध करता येते, म्हणूनच गुणात्मक संशोधनात विरुद्ध उदाहरणे मुद्दाम शोधायची असतात आणि ती शोधली की नाही हे पाहणे व्यवस्थापकाचे काम असते. आमच्या अभ्यासाने एक अभ्यासक्रम बंद करण्याचीही शिफारस केली होती. संगणकावर माहिती भरण्याचा तो अभ्यासक्रम होता. त्याची गळती नगण्य होती, आकड्यांच्या कसोटीवर तो उत्तीर्ण होता. पण मुले टिकत होती ती इतरत्र जाण्यासारखे काही नव्हते म्हणून, आणि त्या कामासाठी माणसे घेणारे उद्योग परिसरात उरले नव्हते. बहिणीला घालशील का, या प्रश्नाला तेथे सर्वाधिक मौन मिळाले होते. हे मी सांगितल्यावर सहकाऱ्यांनी पान पुन्हा वाचायला मागितले.

निर्णय अर्धाच आमच्या बाजूने लागला. विवरणपत्रात 'प्रमाणपत्रासह निर्गमन' आणि 'स्वयंरोजगार' असे दोन रकाने घालण्याचे मान्य झाले, वस्त्रनिर्मितीच्या अभ्यासक्रमाला आणखी एक वर्ष मिळाले. संगणकाचा अभ्यासक्रम चालूच राहिला, कारण त्याचे आकडे चांगले होते. वसतिगृहाची शिफारस 'पुढील विचारार्थ' या वर्गात गेली. शासकीय नोकरीत असलेल्यांना या शब्दप्रयोगाचा अर्थ सांगायला नको; तोही एक परवागिल्लच आहे. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अनेक टप्प्यांवर प्रवेश व निर्गमन ही कल्पना सर्वच उच्च शिक्षणासाठी आली, २०२१ मध्ये श्रेयांक साठवण्याची बँक निघाली. आता निर्गमन हा शब्द सन्मानाने वापरला जातो. निर्गमनानंतर त्या व्यक्तीचे काय झाले, हे रविवारी दुपारी तीननंतर जाऊन विचारणारे मात्र मला फारसे भेटलेले नाहीत.

बैठकीनंतर काही दिवसांनी एक विचारणा आली. उपस्थितीबाबतची ती गोष्ट कोणत्या प्राचार्यांनी सांगितली, त्यांचे नाव कळवावे. विचारणारे अधिकाराने माझ्याहून वरचे होते आणि त्यांचा हेतूही वाईट नसावा, चौकशी करायची तर सुरुवात कोठून तरी करावी लागतेच. मी उत्तरात कार्यकक्षेतील परिच्छेद उद्धृत केला आणि सुचवले की सर्वच कॉलेजांची इतिवृत्ते मागवून सह्या ताडून पाहाव्यात, म्हणजे नावाची गरज पडणार नाही. इतिवृत्ते मागवली गेली. त्यातून काय निष्पन्न झाले ते माझ्यापर्यंत आले नाही, कारण तो विषय माझ्या शाखेचा नव्हता.

मुलाखत दिलेल्यांची नावे आणि त्यांचे सांकेतिक क्रमांक जोडणारी यादी एका मोहोरबंद पाकिटात माझ्या कपाटात होती. अहवाल स्वीकारल्यापासून सहा महिन्यांनी ती नष्ट करावी, असे मंजूर आराखड्यातच लिहिलेले होते. मुदत भरली त्या दिवशी शाखाधिकाऱ्यांच्या समक्ष पाकीट उघडले, यादी कागद कापण्याच्या यंत्रात घातली, नस्तीवर तारीखवार नोंद करून दोघांनी सह्या केल्या. प्रतिलेखनांचे तीन स्तंभ आजही जपून ठेवलेले आहेत. त्यांत माणसे क्रमांकांनी ओळखली जातात, आणि भावसारांच्या त्या मुलीची मुलाखत तेवढी मराठीत आहे.